उत्तर सापडले? मग ते चारचौघांत लिहा

२०१२ साली एका प्रोग्रामरने स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर विचारले : माझ्या अ‍ॅरेत हजारो आकडे आहेत आणि त्यांतल्या १२८ किंवा त्याहून मोठ्या आकड्यांची बेरीज करायची आहे. अ‍ॅरे आधी चढत्या क्रमाने लावून घेतला की हीच बेरीज जवळपास सहापट लवकर होते. आकडे तेच, बेरीजही तीच, मग हा फरक येतो कुठून? उत्तर देणाऱ्याने सुरुवात केली ती रेल्वेच्या सांध्यापासून. गाडी कुठल्या रुळावर जाणार हे ठाऊक नसेल तर सांधेवाला अंदाजाने सांधा लावून ठेवतो. अंदाज बरोबर आला तर गाडी न थांबता पुढे जाते. चुकला तर तिला थांबवून, मागे घेऊन दुसऱ्या रुळावर आणावे लागते. प्रोसेसरही कोडमधल्या प्रत्येक ‘जर-तर’पाशी असाच अंदाज बांधतो आणि आकडे क्रमाने आले की तो अंदाज क्वचितच चुकतो. ब्रँच प्रेडिक्शन नावाचा हा भाग अभियांत्रिकीच्या पुस्तकांत होताच. परीक्षेपुरता तो पाठही केला जात होता. पण तो खऱ्या अर्थाने समजला, असे सांगणारे जगभर असंख्य लोक भेटतील ते या एका उत्तरामुळे.

विचारणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजले नव्हते, सांगणाऱ्याने घेतले नव्हते, आणि वाचणाऱ्याला आजही लॉगिनसुद्धा करावे लागत नाही.

जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये हे संकेतस्थळ उभे केले. त्याआधीचे दिवस आज तिशीच्या आत असलेल्यांनी पाहिलेले नाहीत. एरर सर्चमध्ये टाकली की नेमका आपलाच प्रश्न समोर यायचा आणि उत्तर पाहायला वर्गणी मागितली जायची. नाहीतर चर्चेची दहा-बारा पाने चाळत शेवटी पोहोचावे, तर तिथे मूळ विचारणारा ‘सुटला प्रश्न, धन्यवाद’ एवढेच लिहून गेलेला असायचा. कसा सुटला ते नाहीच. स्टॅक ओव्हरफ्लोने साधी मांडणी केली. एक प्रश्न, त्याखाली फक्त उत्तरे, चांगले उत्तर मतांच्या जोरावर वर, आणि दुसऱ्याने लिहिलेले सुधारण्याची मुभा सर्वांना. शिवाय सगळा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे लिहिणाऱ्याचे श्रेय देऊन तो कुणीही वापरावा. आपल्यापैकी कित्येकांची पहिली नोकरी टिकली ती या व्यवस्थेच्या आधाराने. मी हे अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. प्रोबेशनच्या काळात, सिनिअर रजेवर असताना, रात्री रिलीज अडलेली असताना ज्याने कुणी तिथून रस्ता काढला आहे, त्याला हे पटेल.

आज हे ठिकाण ओस पडत चालले आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी ऐन भरात असताना तिथे महिन्याला दोन लाखांच्या आसपास नवे प्रश्न येत. आता येतात ते त्याचा अगदी लहानसा अंश. जुनी उत्तरे वाचली जातात, नवी लिहिली जात नाहीत. हे असेच चालू राहिले तर काही वर्षांनी तिथे उरेल ते एक संग्रहालय, ज्यात २०२२ नंतरचे जग जवळजवळ नसेल. हे थांबवायला हवे. म्हणून हा लेख हिंजवडीत, खराडीत, नागपुरात, बंगळुरूत, न्यू जर्सीत, जिथे जिथे मराठी माणूस कोड लिहितो आहे, तिथल्या प्रत्येकासाठी आहे.

पहिला प्रश्न साहजिक आहे : आता गरजच काय? चॅटजीपीटी आहे, एडिटरमध्ये बसलेला सहायक आहे, विचारले की क्षणात उत्तर. मीही ही साधने रोज वापरतो आणि ती सोडा असे कुणालाही सांगणार नाही. पण ही साधने कोड लिहायला शिकली ती बऱ्याच अंशी अशाच सार्वजनिक प्रश्नोत्तरांवर. एखाद्या लायब्ररीचे नवे व्हर्जन येते, त्यात जुनी पद्धत मोडते, कागदपत्रांत त्याचा उल्लेख नसतो, आणि कुणीतरी तीन दिवस झगडून उपाय शोधते. पूर्वी तो उपाय सर्वांसमोर लिहिला जायचा. आता तो एका माणसाच्या चॅटच्या खिडकीत सापडतो आणि ती खिडकी बंद झाली की नाहीसा होतो. पुढच्या माणसाने पुन्हा तीन दिवस घालवायचे. आणि सार्वजनिक लिखाणच आटले तर ही साधने पुढच्या व्हर्जनबद्दल शिकणार तरी कशावरून?

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. २०१० मध्ये एका डेव्हलपरने जावातला एक छोटा कोड उत्तरादाखल दिला. बाइट्समधला लांबलचक आकडा केबी, एमबी असा वाचता येईल अशा रूपात दाखवणारा. पुढे कोडच्या कॉपी-पेस्टचा अभ्यास झाला, तेव्हा स्टॅक ओव्हरफ्लोवरून सर्वाधिक उचलला गेलेला जावा कोड हाच असल्याचे दिसले. हजारो प्रोजेक्टांत तो गेला होता. आणि त्यात चूक होती. ९,९९,९९९ बाइट्स दिले तर १ एमबीऐवजी तो १००० केबी दाखवायचा. २०१९ मध्ये त्या लेखकानेच ही चूक जाहीरपणे मांडली, ती कशी घडली ते समजावले आणि मूळ उत्तर दुरुस्त केले. इतक्या लोकांनी वापरलेल्या कोडमधली चूक नऊ वर्षे राहिली, हे खरेच वाईट. पण ती सापडली, ती सर्वांना कळली, आणि जिथून ती पसरली तिथेच ती सुधारली गेली. कारण ते उत्तर उघड्यावर होते, त्याला एक कायमचा पत्ता होता, त्याखाली कुणाचे तरी नाव होते. बंद खिडकीत मिळालेल्या उत्तरातली चूक कोण पकडणार? पकडली तरी ज्यांनी ज्यांनी ती उचलली त्यांना कोण कळवणार?

स्टॅक ओव्हरफ्लोच्याच २०२५ च्या सर्वेक्षणात ८४ टक्के डेव्हलपरांनी सांगितले की ते एआयची साधने वापरतात किंवा वापरणार आहेत. त्याच सर्वेक्षणात ४६ टक्के म्हणाले की त्या उत्तरांच्या अचूकतेवर आपला विश्वास नाही. सर्वांत मोठी तक्रार होती ती ‘जवळजवळ बरोबर, पण पूर्ण बरोबर नाही’ अशा उत्तरांची. ज्याने असे जवळजवळ बरोबर उत्तर प्रॉडक्शनला जाऊ दिले आणि मग दोन दिवस डिबग करत बसला, त्याला माणसांनी तपासलेल्या उत्तराची किंमत सांगावी लागत नाही.

पण सगळा दोष एआयवर टाकणे मला मान्य नाही. नव्या प्रश्नांची घसरण नोव्हेंबर २०२२ च्या, म्हणजे चॅटजीपीटी येण्याच्या, कितीतरी आधी सुरू झाली होती. एप्रिल २०१८ मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीरपणे लिहिले की आपल्याकडे लोकांना, विशेषतः नवख्यांना आणि स्त्रियांना, आपलेपणाने घेतले जात नाही आणि हे बदलले पाहिजे. लोक एआयकडे गेले याचे एक कारण असे की ते साधन कुणाला हिणवत नाही. ही खंत आपण सर्वांनी, विशेषतः तिथे जुने असलेल्यांनी, मनावर घ्यायला हवी.

मराठी माध्यमातून दहावी झालेली, तंत्रनिकेतनात पदविका करणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. पायथनमध्ये काहीतरी अडले आहे. ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न लिहिते, कारण मुख्य संकेतस्थळावर इंग्रजीच चालते. काही मिनिटांत प्रश्नाला उणे मते पडतात. का पडली ते कुणी लिहीत नाही. मग तीन जण मत देतात आणि प्रश्न बंद होतो : हा आधीच विचारला गेला आहे. सोबत एक दुवा. दुवा उघडावा तर तिथे २०१० चे उत्तर, पायथन २ मधले, तिच्या संगणकावर चालतच नाही. ‘हे माझ्याकडे चालत नाही’ असे त्या उत्तराखाली विचारायला ५० रेप्युटेशन गुण लागतात आणि तिच्याकडे एकच आहे. ती पुन्हा त्या दारात कशाला येईल?

प्रश्न बंद करणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ते खलनायक नाहीत. तेच ते प्रश्न, तीच नल पॉइंटरची एरर, कॉलेजच्या असाइनमेंटचा जसाच्या तसा चिकटवलेला कागद, हे सगळे वर्षानुवर्षे विनामोबदला निवडत बसणारी ही माणसे आहेत. त्यांनी निवड केली म्हणूनच सर्चमध्ये कचऱ्याऐवजी उत्तर सापडते. सारख्या प्रश्नांना एकाच चांगल्या उत्तराकडे वळवण्याची कल्पनाही उत्तम आहे. बिघडले आहे ते वळवण्याचे काम कसे होते ते. म्हणून माझे पहिले मागणे असे, की प्रश्न ‘आधीच विचारला गेला’ म्हणून बंद करताना बंद करणाऱ्याने एक वाक्य लिहिणे सक्तीचे करा : त्या जुन्या पानावरचे कोणते उत्तर इथे लागू पडते आणि कसे. हे वाक्य लिहिता येत नसेल तर तो प्रश्न वेगळा आहे. ज्यांच्याकडे त्या विषयाच्या टॅगचे सुवर्णपदक आहे आणि जे एकट्याच्या मताने असा प्रश्न बंद करू शकतात, त्यांना तर ही अट आधी लागू व्हावी. आणि नव्या सदस्याच्या पहिल्या काही प्रश्नांवरची उणे मते सर्वांना दिसू नयेत. सुधारणा काय हवी ते फक्त त्याला कळावे.

२०२४ मध्ये ‘स्टेजिंग ग्राउंड’ नावाची सोय सुरू झाली. नवख्याचा प्रश्न थेट बाजारात जाण्याआधी अनुभवी लोक तो वाचतात, काय कमी आहे ते सांगतात, तो नीट झाला की पुढे पाठवतात. या संकेतस्थळावर गेल्या काही वर्षांत झालेली ही सर्वांत चांगली गोष्ट. पण ती चालते माणसांवर. ज्यांनी तिथे पूर्वी भरभरून लिहिले आणि आता खाते धूळ खात पडले आहे, त्यांनी आठवड्यातून एखादा तास या कामाला द्यावा. तिथे मराठी मुलाचे इंग्रजी आपल्याइतके चटकन कुणाला कळेल? त्याने ‘डज नॉट कम’ लिहिले म्हणजे त्याला ‘येत नाही’ म्हणायचे आहे, आउटपुट दिसत नाही म्हणायचे आहे, हे ओळखून वाक्य सरळ करून देणे दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरे मागणे जुन्या उत्तरांबद्दल, आणि यावर मला थोडे सविस्तर लिहू द्या. ऑगस्ट २०२१ पर्यंत विचारणाऱ्याने स्वीकारलेले उत्तर कायम सर्वांत वर असायचे, मग ते कितीही जुने होवो. ते बदलले. २०२२ मध्ये ताज्या मतांना जास्त वजन देणारी क्रमवारीही आली. दोन्ही पावले योग्य दिशेची होती. तरी आजही जावास्क्रिप्टच्या साध्या प्रश्नाखाली जेक्वेरी वापरायला सांगणारे उत्तर वर दिसते, किंवा एसक्यूएलची क्वेरी शब्द जोडून तयार करणारा धोकादायक कोड शेकडो मते घेऊन बसलेला असतो. प्रत्येक उत्तरावर ते कोणत्या व्हर्जनवर आणि कधी तपासले याची ठळक नोंद हवी, आणि वाचणाऱ्याला एका टिचकीत ‘या व्हर्जनवर चालले’ किंवा ‘चालले नाही’ असे सांगता यायला हवे.

हे होत नाही याचे मूळ गुणपद्धतीत आहे. उत्तराला एक मत मिळाले की १० गुण, स्वीकारले गेले की १५. ज्याने २००९ मध्ये गिटबद्दल एक ओळ लिहिली त्याला आजही त्या ओळीचे गुण येत राहतात. दुसऱ्याचे जुने उत्तर तपासून, नव्या व्हर्जनवर चालवून, दुरुस्त करून देणाऱ्या नवख्याला मिळतात २. दोन हजार गुणांनंतर तर दुरुस्तीला काहीच मिळत नाही. बांधणाऱ्याला एवढे आणि डागडुजी करणाऱ्याला काहीच नाही, अशी व्यवस्था असेल तर डागडुजी होणार कशी? दुरुस्तीनंतर त्या उत्तराला येणाऱ्या मतांचा वाटा दुरुस्त करणाऱ्यालाही मिळावा. जुनी उत्तरे तपासण्याचे काम करणाऱ्यांना स्वतंत्र ओळख मिळावी. जॉन स्कीट २०१८ मध्ये दहा लाख गुण गाठणारे पहिले सदस्य ठरले, तेव्हा जगभरच्या प्रोग्रामरांनी त्यांचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. तसेच कौतुक हजार जुनी उत्तरे जिवंत ठेवणाऱ्याच्या वाट्याला यावे.

आता मालकांबद्दल. प्रोसस या कंपनीने २०२१ मध्ये १८० कोटी डॉलरना स्टॅक ओव्हरफ्लो विकत घेतले. हे पैसे मोजले गेले ते मुख्यतः आपण सर्वांनी लिहिलेल्या मजकुरासाठी. २०२३ च्या जूनमध्ये मोठ्या संख्येने मॉडरेटरांनी संप केला, कारण एआयने लिहिलेली संशयास्पद उत्तरे काढून टाकण्यावर कंपनीने अचानक निर्बंध आणले होते. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी हा मजकूर वापरू देण्याचा करार जाहीर झाला, तेव्हा रागाने स्वतःची उत्तरे पुसणाऱ्या काहींची खाती तात्पुरती बंद केली गेली. त्यांचा राग मी समजू शकतो. त्यांनी निवडलेला मार्ग मात्र मला पटत नाही. उत्तर पुसले की कंपनीचे फारसे बिघडत नाही, रात्री अडलेल्या अनोळखी मुलाचे बिघडते. कंपनीकडे मागणे सरळ आहे. सगळ्या मजकुराची प्रत पूर्वीप्रमाणे अटींविना, तटस्थ ठिकाणी, ठरल्या वेळी उपलब्ध करा. एआय कंपन्यांकडून येणाऱ्या पैशांतला ठोस वाटा मॉडरेटरांच्या साधनांवर खर्च करा. निवडून आलेल्या मॉडरेटरांना विचारल्याशिवाय त्यांच्या कामाचे नियम बदलू नका.

पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी या भाषांत स्टॅक ओव्हरफ्लोची स्वतंत्र ठिकाणे आहेत. भारतातून येणारा वाचकवर्ग इतका मोठा असून एकाही भारतीय भाषेत नाही. मराठीत ते व्हावे असे मला मनापासून वाटते, पण आधी तिथे लिहिणारे मराठी लोक हवेत, आणि त्यांना अडवणाऱ्या गोष्टी आपल्या घरच्याच आहेत. एक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामचे ग्रुप. कॉलेजचा ग्रुप, बॅचचा ग्रुप, टीमचा ग्रुप. तिथे रोज उत्तम उत्तरे दिली जातात आणि संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या खाली गाडली जातात. दुसरी म्हणजे भीती : विचारले तर मला येत नाही हे जगाला दिसेल, मॅनेजरला दिसेल. आणि तिसरी, सर्वांत खरी अडचण : क्लायंटचा कोड बाहेर टाकता येत नाही, करारात तसे लिहिलेले असते.

या तिसऱ्या अडचणीवर उपाय आहे आणि तो शिकण्यासारखा आहे. क्लायंटचे नाव, टेबलांची नावे, आतले पत्ते सगळे काढून टाका. वीस फायलींचा प्रश्न दहा-बारा ओळींत बसेल इतका लहान करा, कोऱ्या प्रोजेक्टमध्ये तो पुन्हा घडवून पाहा. यातून जे उरते ते क्लायंटचे नसते, ती भाषेची किंवा लायब्ररीची अडचण असते. शंका असेल तर टीम लीडला दाखवून घ्या. पुष्कळदा प्रश्न लहान करता करताच उत्तर सापडते, हे ज्यांनी केले आहे त्यांना माहीत आहे. टीम लीड असाल तर एवढे करा : स्प्रिंटच्या शेवटी सर्वांना विचारा, या पंधरवड्यात ज्यात दोन दिवस गेले असा कोणता बग होता, आणि तो कुणी लिहून ठेवणार आहे? अध्यापक असाल तर प्रोजेक्टच्या गुणांत एक भाग ठेवा की विद्यार्थ्याने स्वतः सोडवलेली एक अडचण नीट मांडून सार्वजनिक केली का. त्यासाठी प्रश्न वाईट लिहिला म्हणून मुलांना कुणी झिडकारले तर तुम्ही त्यांच्या बाजूने उभे राहा, आणि तो प्रश्न दुरुस्त करून द्या.

या आठवड्यात एआयने दिलेले उत्तर अर्धवट निघाले आणि तुम्ही स्वतः ते पुरे केले, असे कुठेतरी नक्की झाले असेल. ते घ्या. स्टॅक ओव्हरफ्लोवर थोडे गुण जमले की प्रश्न विचारण्याच्या पानावरच स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे देण्याची सोय आहे. हे नियमाला धरून आहे, इतकेच नव्हे, तर तसे करायला तिथे उत्तेजन दिले जाते. वर एररचा मजकूर जसाच्या तसा द्या, म्हणजे पुढच्याला तो सर्चमध्ये सापडेल. लायब्ररीचे आणि भाषेचे व्हर्जन लिहा. काय काय करून पाहिले ते दोन ओळींत. खाली उत्तरात चालणारा कोड, आणि तो का चालतो ते तुमच्या शब्दांत. एआयचा मजकूर तिथे चिकटवू नका, ते नियमाविरुद्ध आहे आणि त्याची गरजही नाही. तुम्ही झगडून शोधलेला भागच हवा आहे. इंग्रजीची काळजी करू नका, वाक्ये छोटी ठेवा. पोस्ट केल्यावर दुवा टीमच्या ग्रुपवर टाका आणि सहकाऱ्यांना सांगा, तुमच्या मशीनवर चालवून पाहा आणि चुकले असेल तर तिथेच दुरुस्त करा.